बंद असताना पाच बाइट, चालू केल्यावर मात्र सांभाळून

नाशिकजवळच्या एका औषध कारखान्यातून फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: “मॅडम, परत चांगली खोकी रिजेक्टमध्ये पडली.” पाळीला दोन, कधी तीन. आमची भोसरीतली छोटी कंपनी पॅकिंग लाइनवरची छपाई तपासणारी यंत्रं बनवते. खोक्यावरचा बॅच नंबर आणि तारीख कॅमेरा वाचतो. वाचता आलं नाही, किंवा २० मिलिसेकंदांत उत्तर आलं नाही, तर हवेचा झोत खोकं बाजूला उडवतो. औषधाच्या कामात संशयाचा फायदा खोक्याला देत नाहीत, त्यामुळे उत्तर उशिरा आलं की धडधाकट खोकंही डब्यात.

सुपरवायझरांच्या मते मशीन खराब. आमच्या पोरांच्या मते कॅमेरा खराब. कॅमेरा बदलला, केबल बदलली, सेन्सर पुसला, एकाने तर नारळसुद्धा फोडला. खोकी पडतच राहिली. शेवटी मी एफट्रेस बाहेर काढला, म्हणजे लिनक्सच्या कर्नलमध्येच (सिस्टिमच्या गाभ्यात) असलेलं, कुठलं फंक्शन कधी आणि किती वेळ चाललं ते नोंदवणारं साधन. त्याचंच हे परीक्षण. लिनक्सच्या पोटात हात घालायला लागून मला सतरा वर्षं झाली आणि वर्षातून चार-पाचदा हे हत्यार हातात येतं, तरी त्याच्याबद्दल मराठीत नीट लिहावं असं याआधी सुचलं नव्हतं.

किमतीपासून सुरू करू, आपल्याकडे तोच पहिला प्रश्न. फुकट. विकत सोडा, बसवावाही लागत नाही. डेबियन, उबुंटू, फेडोरा यांच्या कर्नलमध्ये तो आधीच असतो. सिस्टिमच्या ट्रेसिंग फोल्डरमध्ये करंट-ट्रेसर नावाची फाइल आहे, तिच्यात फंक्शन-ग्राफ असं नाव लिहिलं की झालं सुरू. नॉप लिहिलं की बंद. कॅट आणि एको एवढ्या दोन कमांड येत असतील तर तुम्ही गिऱ्हाईक आहात. फाइली चिवडायचा कंटाळा असेल तर ट्रेस-सीएमडी नावाचं पॅकेज घ्या, चित्र बघायचं असेल तर वर कर्नलशार्क. मी कारखान्यात नुसत्या फाइलींवरच भागवते. तिथल्या पीसीवर इंटरनेट नसतं आणि पेनड्राइव्ह लावायला तीन सह्या लागतात.

पण फुकट असलेल्या वस्तूचं भाडं कुठेतरी लागतंच. कर्नलमधल्या जवळजवळ प्रत्येक फंक्शनच्या दारात पहारेकरी उभा करायचा, आणि तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचं नाही, हे जमवायचं कसं? इथे सगळी कारागिरी कंपायलरची, म्हणजे लिहिलेल्या कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमची आहे, आणि मला हे साधन आवडतं ते त्यामुळेच.

जीसीसी या कंपायलरला ‘पीजी’ नावाचा जुना पर्याय आहे, जीप्रॉफ या वेळ मोजणाऱ्या साधनासाठी केलेला. तो दिला की कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला एमकाउंट नावाच्या फंक्शनला एक कॉल टाकतो. स्टीव्हन रोस्टेट यांनी हाच धागा पकडून एफट्रेस बांधला. २००८ साली तो कर्नल २.६.२७ मध्ये आला. गंमत अशी, की एमकाउंटने काहीही न करता नुसतं परत फिरायचं ठरवलं, तरी हॅकबेंच या चाचणीत १३ टक्के वेळ जास्त जात होता. काही न करण्याचे १३ टक्के! एवढं भाडं दिवसरात्र भरायला कुठलाच डिस्ट्रो (डेबियन, उबुंटूसारखा) तयार होणार नाही. म्हणून कर्नल बूट होतानाच ते सगळे कॉल खोडून त्यांच्या जागी नॉप, म्हणजे काहीच न करणारी सूचना, लिहिली जाते.

हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघाच. आमच्या यंत्रांवर ५.१० कर्नल आहे. डिस्कवरच्या व्हीएमलिनक्स या कर्नलच्या फाइलीत कुठलंही फंक्शन उघडलं तर पहिली सूचना दिसते ती एफएन्ट्रीला (एमकाउंटच्या नव्या भावंडाला) केलेला कॉल: ई८ हा बाइट आणि पुढे पत्त्याचे चार. तेच फंक्शन चालत्या कर्नलच्या मेमरीत, केकोर फाइलीतून जीडीबी या डीबगरने बघा. तिथे ०एफ १एफ ४४ ०० ००. पाच बाइटचा एकच नॉप. प्रोसेसर तो वाचतो, सोडून देतो आणि पुढे जातो. ट्रेसर चालू करून पुन्हा बघितलं तर ई८ परत हजर. (नव्या कर्नलमध्ये बांधणीच्या वेळीच नॉप टाकायची सोय झाली आहे, तिथे डिस्कवरही नॉपच दिसेल. घाबरून जाऊ नका.)

आणि हा बदल चालत्या गाडीचं चाक बदलावं तसा होतो. प्रोसेसरचे चारही कोर तेच फंक्शन चालवत असताना पाच बाइट एका दमात बदलता येत नाहीत, अर्धा जुना अर्धा नवा असा कोणी वाचला तर संपलंच. म्हणून आधी पहिल्या बाइटवर सीसी, म्हणजे ब्रेकपॉइंट (थांबायची सूचना), बसवतात. त्या क्षणी तिथे कोणी आलाच तर ब्रेकपॉइंटचा हँडलर त्याला सांभाळून घेतो. मग उरलेले चार बाइट लिहायचे, आणि शेवटी पहिला. प्रत्येक पायरीनंतर सगळ्या कोरांना खबर द्यायची. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चहा गार केला होता.

आता बंद असतानाचं बिल. आमच्या यंत्राच्या बूट लॉगमध्ये एफट्रेसची एक ओळ येते: ४३,१५० एन्ट्री, १६९ पानं. प्रत्येक एन्ट्रीमागे १६ बाइटची नोंद, म्हणून ४ केबीच्या एका पानात २५६ मावतात. हिशेब बरोबर जुळतो. ४३,१५० गुणिले पाच म्हणजे २,१५,७५० बाइटचे नॉप, त्यात १६९ पानं मिळवा: सगळं मिळून ९०० केबीच्या आत. नोंदी ठेवायचा बफर तर वापर सुरू होईपर्यंत पूर्ण घेतलेलाच नसतो. त्याच्या आकाराची फाइल वाचली तर तिथे ‘७’ आणि पुढे ‘वापरला तर १४०८’ अशा अर्थाचं लिहिलेलं सापडतं, आकडे केबीत. काटकसरी घर आहे.

इथवर पोचताना डोकी फुटलेली आहेत, तेही सांगायला हवं, कारण परीक्षणात नुसती स्तुती असली की लोकांना जाहिरात वाटते. पहिल्या अवतारात नॉप बूटच्या वेळी बसत नव्हते. फंक्शन एकदा चाललं की त्याचा पत्ता नोंदवायचा आणि नंतर मागच्या मागे एका थ्रेडने येऊन कॉल खोडायचा, अशी पद्धत होती. मॉड्यूलची सुरुवातीची फंक्शनं काम झाल्यावर मेमरीतून जातात, आणि ती जागा दुसऱ्याला मिळते. २००८ मध्ये ती जागा इंटेलच्या ई१०००ई नेटवर्क कार्डाच्या कायमस्वरूपी मेमरीच्या वाट्याला गेली. एफट्रेसची खोडायची सूचना अशी होती, की जुना मजकूर जुळला तरच नवा लिहायचा. पण ती सूचना जुळलं नाही तरी बसवर लिहिण्याचा फेरा करतेच. कार्डं मेली. २.६.२७.१ मध्ये ती सोय बंद करावी लागली. त्यानंतर पत्त्यांची यादी बांधणीच्या वेळीच करायची आणि बूट होताना एकदाच सगळं खोडून मोकळं व्हायचं, हे ठरलं. भाडेकरू निघून गेलेल्या खोलीत रंगारी शिरला आणि नव्या माणसाच्या सामानावर ब्रश फिरवला, तसा प्रकार.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिच्यात एफट्रेसचा दोष नाही. फंक्शन-ग्राफला फंक्शन किती वेळ चाललं ते सांगायचं असतं, म्हणजे बाहेर पडतानाही त्याला गाठायला हवं. बाहेर पडायच्या दारांवर कंपायलर काही पेरत नाही. म्हणून ट्रेसर आत शिरतानाच स्टॅकवरचा (फंक्शनच्या कामाच्या मेमरीतला) परतीचा पत्ता काढून घेतो, स्वतःच्या वहीत लिहितो आणि त्या जागी स्वतःचा पत्ता ठेवतो. फंक्शन संपलं की ते ट्रेसरकडे येतं, तो वेळ मोजतो, वहीतला खरा पत्ता बघून त्याला घरी सोडतो. २००९ च्या नोव्हेंबरात थॉमस ग्लाइक्सनर यांना ३२ बिटच्या कर्नलमध्ये असं फंक्शन सापडलं, की जिथे जीसीसी ४.४ ने स्टॅक सरळ रेषेत आणण्याच्या नादात परतीच्या पत्त्याची नक्कल करून ठेवली होती, आणि एमकाउंटचा कॉल त्यानंतर होता. ट्रेसरने बदलली ती नक्कल. फंक्शन अस्सल पत्त्यावरून परस्पर घरी गेलं. वहीत एक नोंद जास्तीची राहिली, पुढचा जो कोणी आला त्याला भलताच पत्ता मिळाला, आणि कर्नल कोसळला. नियमाप्रमाणे कंपायलरने काहीच चूक केली नव्हती. स्टॅक कसा मांडायचा हा त्याचा हक्क आहे.

उपाय मुळातच होता: कॉल फंक्शनच्या अगदी पहिल्या बाइटवर टाका, कंपायलर स्टॅकला हात लावायच्या आधी. जीसीसी ४.६ मध्ये एमएफएन्ट्री हा पर्याय आला तो यासाठी. त्यातून आणखी एक फायदा पदरात पडला. एमकाउंटला फ्रेम पॉइंटर (फंक्शनची स्टॅकवरची जागा दाखवणारा प्रोसेसरमधला रजिस्टर) लागायचा, एफएन्ट्रीला लागत नाही. फ्रेम पॉइंटर ठेवला तर काही कामांत ५ ते १० टक्के वेग जातो असं मेल गॉर्मन यांचं मोजमाप कर्नलच्या कागदपत्रांतच दिलेलं आहे, तेव्हा ही बचत किरकोळ नाही.

असो. खोक्यांकडे येते.

पहिल्या दिवशी मी जे केलं ते करू नका. लाइन चालू असताना फंक्शन ट्रेसर सरसकट लावला, ४३ हजार फंक्शनांवर. पाच मिनिटांत सुपरवायझर धावत आले, कारण आता पाळीला दोन नव्हे, मिनिटाला दोन खोकी उडत होती. सगळी चांगली. प्रत्येक फंक्शनच्या दारात रजिस्टर जपून ठेवायचे, वेळ बघायची, बफरमध्ये लिहायचं, रजिस्टर परत भरायचे: वीस मिलिसेकंदांचं बजेट त्यातच खपलं. ताप मोजायला थर्मामीटर लावावा आणि थर्मामीटरनेच ताप चढावा.

दुसऱ्या दिवशी शहाणपण सुचलं. आमच्या ड्रायव्हरची फंक्शनं आणि कन्सोल-सिरियलशी नातं सांगणारी काही, एवढीच गाळणीत टाकली. गाळणीची फाइल म्हणजे सेट-एफट्रेस-फिल्टर. तिच्यात नाव लिहिलं की त्याच फंक्शनचा नॉप कॉलमध्ये बदलतो, बाकीच्यांचा नॉप तसाच राहतो, त्यामुळे भार नावांच्या संख्येइतकाच. हिच्या शेजारी सेट-ग्राफ-फंक्शन नावाची दुसरी फाइल आहे आणि तिथे भले भले फसतात. तिच्यात एक नाव लिहिलं की पडद्यावर तेवढ्याच फंक्शनचं झाड दिसतं, म्हणून वाटतं भारही तेवढाच असेल. तसं नाही. कॉल सगळ्यांच्या दारात लागतात, आत जाऊन ‘हा आपल्या झाडातला आहे का’ असं विचारलं जातं आणि नसला तर सोडून दिलं जातं. विचारण्याचे पैसे सगळ्यांकडून वसूल. दोन्ही फाइली एकत्र वापरायच्या, हे कागदपत्रात ठळक अक्षरांत असायला हवं होतं. माझ्याकडून अर्धा तारा इथे कापला.

मग सापळा लावला. आमच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: उत्तराला २० मिलिसेकंदांच्या वर वेळ लागला की ट्रेसिंग-ऑन या फाइलीत शून्य लिही. बफर गोल फिरत असतो, जुनं पुसून नवं लिहीत असतो. शून्य लिहिलं की तो थिजतो आणि घटनेच्या आधीचं सगळं त्यात तसंच राहतं. बफर १६ एमबीचा केला. हा आकडा प्रत्येक कोरमागे असतो हे विसरून मी चार कोरांवर ६४ एमबी खाल्ले, पण त्या पीसीला ते परवडलं.

दुपारी पावणेचारला, लाइन चहानंतर परत सुरू झाली तेव्हा, खोकं उडालं. ट्रेस उघडला. फंक्शन-ग्राफ डावीकडे खुणा देतो: दहा मायक्रोसेकंदांच्या वर अधिकचं चिन्ह, शंभरच्या वर उद्गारचिन्ह, हजारच्या वर जाळीचं चिन्ह, दहा हजारांच्या वर तारा. आमच्या ड्रायव्हरच्या एका फंक्शनपुढे तारा होता. वेळ २०,९१२ मायक्रोसेकंद. त्याच्या पोटात प्रिंटके (कर्नलचं संदेश छापणारं फंक्शन) तीनदा, प्रत्येकापुढे जाळी, सात-सात हजार. आणि त्यांच्या पोटात आयओ-सिरियल-इन, आयओ-सिरियल-इन, आयओ-सिरियल-इन. हजारो ओळी. स्क्रोल करता करता अंगठा दुखला.

बोर्ड पहिल्यांदा उभा करताना बूट ओळीत (कर्नल सुरू होताना त्याला दिल्या जाणाऱ्या सूचनांत) सिरियल कन्सोल, म्हणजे कर्नलचे संदेश सिरियल पोर्टवर पाठवायची सोय, जोडला होता, तो काढायचा राहिला होता. कोणी जोडला होता? मीच. चहानंतर पट्टा सुरू होताना सेन्सर एक झटका देतो, एका खोक्याला दोन ट्रिगर येतात, आणि आमचा ड्रायव्हर प्रामाणिकपणे तीन ओळींची तक्रार छापतो. सेकंदाला १,१५,२०० बिटच्या वेगाने एक अक्षर जायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. ऐंशी-ऐंशी अक्षरांच्या तीन ओळी, म्हणजे २४० अक्षरं: जवळपास २१ मिलिसेकंद. एकेक अक्षर गेलं का, गेलं का, असं विचारत प्रोसेसर उभा, आणि पलीकडच्या टोकाला त्या पोर्टला केबलसुद्धा लावलेली नाही. या ओळी लॉगमध्ये आम्हाला पहिल्या दिवसापासून दिसत होत्या. तक्रार करणाराच चोर असेल हे कोणाच्या डोक्यात येणार?

इथे ट्रेसच्या स्वतःच्या भाराने आकडा फुगला नाही, कारण सिरियल पोर्ट इतका मंद आहे की ट्रेसरचा वेळ त्याच्या वाट बघण्यातच जिरून जातो. हे प्रत्येक वेळी होत नाही. लहान लहान फंक्शनं लाखो वेळा बोलावणाऱ्या कोडवर फंक्शन-ग्राफ लावाल, तर बाहेरच्या फंक्शनच्या वेळेत आतल्या प्रत्येकावरचा ट्रेसिंगचा खर्चही धरला जातो. तिथे ते आकडे तुलनेपुरते घ्यायचे, बिल म्हणून नाही. अशा ठिकाणी मी आधी ट्रेसपॉइंट, म्हणजे कर्नल लिहिणाऱ्यांनीच ठरावीक जागी ठेवलेल्या नोंदीच्या खुणा, वापरते. ते बंद असताना जीसीसी ४.५ पासूनच्या एएसएम-गोटो या सोयीमुळे वाटेत एक नॉप तेवढा राहतो, मेमरीतून काही वाचून तपासावंही लागत नाही.

तक्रारीची मोठी बाब वेगळीच आहे आणि तिला एफट्रेस तरी काय करणार? तुम्ही लिहिलेलं फंक्शन कंपायलरने ठेवलंच असेल याची खात्री नाही. या शोधात आमचं एक छोटं स्टॅटिक फंक्शन मला गाळणीत टाकायचं होतं. नाव लिहिलं, उत्तर आलं: चुकीचं मूल्य. उपलब्ध फंक्शनांच्या यादीत ते नव्हतंच. जीसीसीने ते बोलावणाऱ्याच्या पोटात विरघळवून टाकलं होतं, म्हणजे इनलाइन केलं होतं. दुसरं सापडलं, पण नावाला शेपूट लागलेलं: टिंब, आयएसआरए, टिंब, शून्य. कंपायलरने त्याचे आर्ग्युमेंट बदलून नवी आवृत्ती केली होती. अशा वेळी नावापुढे तारा टाकून शोधायचं. विरघळलेल्यासाठी नोइनलाइन लिहून पुन्हा बांधता येतं, पण मग तुम्ही मोजताय ते गिऱ्हाइकाकडचं कोड उरत नाही. आणि कर्नलमध्ये नुसतं इनलाइन लिहिलं तरी सोबत नोट्रेस (‘ट्रेस करू नको’) चिकटतो, मग कंपायलरने इनलाइन केलं नाही तरी ते दिसणार नाहीच. नव्या मुलाला हे समजावताना माझा एक तास गेला, शेवटी त्याला ग्रेप कमांडने यादी धुंडाळायला लावली आणि मी जेवायला गेले.

पुढचं यंत्र आर्म६४ प्रोसेसरवर आहे. तिथे एफएन्ट्री नाही, जीसीसी ८ मध्ये आलेला पॅचेबल-फंक्शन-एन्ट्री आहे, आणि कर्नल ५.५ पासून त्याचा वापर होतो. फंक्शनमागे चार-चार बाइटचे दोन नॉप. पैकी पहिल्याच्या जागी बूट होताना परतीचा पत्ता दुसऱ्या रजिस्टरमध्ये हलवायची सूचना कायमची बसते, ती ट्रेसिंग बंद असतानाही चालते. म्हणजे बिल पाच बाइटवरून आठवर, आणि एक सूचना वर. आम्हाला अजून त्याचा फरक कुठे जाणवलेला नाही.

दुरुस्ती म्हणाल तर बूट ओळीतला एक शब्द काढला. शिवाय ड्रायव्हरमधल्या त्या तीन प्रिंटकेच्या जागी नव्या मुलाने ट्रेस-प्रिंटके घातले. ते सिरियलवर न जाता थेट एफट्रेसच्या बफरमध्ये जातात, वेळ नगण्य. चाचणीपुरतेच होते, पण तेच बिल्ड घाईत नाशिकला गेलं. ट्रेस-प्रिंटके असलेलं मॉड्यूल चढलं की कर्नल चांदण्यांच्या चौकटीत ‘नोटीस नोटीस नोटीस’ करत सुरू होतो: हा डीबग कर्नल आहे, उत्पादनात वापरायला धोक्याचा आहे, तुम्ही कर्नल डीबग करत नसाल तर ताबडतोब तुमच्या व्हेंडरला कळवा.

व्हेंडर आम्हीच. सकाळी सव्वासातला फोन वाजला. “मॅडम, खोकी आता एक पण पडत नाही. पण स्क्रीनवर काहीतरी लिहून आलंय, तुम्हाला ताबडतोब कळवा म्हणून.”